एका कामाला एकच पट्टी

तात्या सुतारांचा आवाज आधी गल्लीत यायचा, मागून तात्या. माणूस उंचीनं बेताचा, पण घसा फौंड्रीत कमावलेला. कानावर पेन्सिल, आणि आपण शर्टाच्या ज्या खिशात पेन ठेवतो तिथं एक झिजलेली पोलादी पट्टी. फुटाची पट्टी ती, खिशात अर्धी आणि बाहेर अर्धी. वाकले की हनुवटीला टोचायची. तरी काढायचे नाहीत.

शाळेतून निवृत्त होऊन मी त्यांच्या समोरच्या घरात राहायला आले. सामान अजून टेम्पोत होतं आणि हे गृहस्थ माझ्या दारात उभे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, चौकट कुणी बशिवली ही? कमरंत वाकल्या."

"मला तर सरळ दिसतेय," मी म्हटलं.

"दिसंल की. मानसं बी सरळच दिसत्यात."

असा आमचा शेजार सुरू झाला. मला हा माणूस पहिले सहा महिने अजिबात आवडला नाही, हे सांगून टाकते. न विचारता शिकवणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. जन्मभर मी तेच केलं म्हणूनही असेल.

तात्या पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वस्तू करायची तर आधी तिचा लाकडी साचा लागतो, तो करणारा तो पॅटर्नमेकर. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून साचा मूळ मापापेक्षा जरासा मोठा ठेवायचा. दर वेळी हिशेब कोण करणार? त्यामुळे या लोकांच्या पट्ट्याच निराळ्या असतात. त्यांच्यावरचा इंच आपल्या इंचापेक्षा किंचित लांब. बिडाची पट्टी वेगळी, ॲल्युमिनियमची वेगळी. आणि लाकडावरून आधी ॲल्युमिनियमचा साचा करून मग त्यावरून बीड ओतायचं असेल, तर दोनदा आकसणार म्हणून दुहेरी पट्टी. हे सगळं त्यांनी मला भाजीच्या गाडीपाशी उभं करून ऐकवलं. माझ्या हातातली कोथिंबीर सुकली.

"थंड झाल्यावर समदं आकसतंय, बाई," हे त्यांचं पालुपद. लग्नातला थाट बघून हेच, निवडणुकीतलं भाषण ऐकून हेच, आणि नवराबायकोचं भांडण ऐकू आलं तरी हेच. दुसरं पालुपद होतं, "एका कामाला एकच पट्टी." वर्कशॉपात प्रत्येक पट्टीला वेगळा खिळा. काम सुरू केलं की एक पट्टी उचलायची आणि काम संपेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. पट्ट्यांची सरमिसळ झाली की साचा भंगारात गेला म्हणून समजायचं. व्हर्नियर वगैरे आधुनिक उपकरणांवर त्यांचा विश्वास नव्हता. दोन पायांचा कॅलिपर घ्यायचा, पट्टीवर लावून उघडायचा, आणि त्या अंतराप्रमाणे लेथवर कातायचं. उस्तादानं तसंच शिकवलं होतं.

खिशातली पट्टी कुणाची, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "इंजनाची."

इंजिनाचं प्रकरण असं. एका इंग्रजाला वाफेच्या इंजिनांच्या हौशी प्रतिकृतींसाठी सुटे भाग ओतून हवे होते. कुणाच्या तरी ओळखीनं ते काम कोल्हापुरात आलं आणि त्याचे पॅटर्न तात्यांकडे. ए-फोर नावाच्या वर्गातलं इंजिन, लंडनहून उत्तरेला धावणाऱ्या एक्स्प्रेस गाड्यांचं. निळं, लांबलचक, तोंड पुढून उतरतं केलेलं, वारा कापायला. त्यातल्याच मॅलार्ड नावाच्या एकानं वाफेच्या इंजिनांचा वेगाचा जागतिक विक्रम केला, तो अजून कुणी मोडलेला नाही. तात्यांनी चाकांचे आणि सिलेंडरांचे पॅटर्न केले, आणि तेवढ्यात तिकडचा इंग्रज वारला. काम बुडालं. नकाशे आणि पॅटर्न इथंच राहिले. दुसऱ्या कुणी त्यांची चूल पेटवली असती. तात्यांनी नकाशे भिंतीला लावले आणि ठरवलं की हे इंजिन आपण स्वतःच करायचं. पाच इंची रुळावर, म्हणजे दोन रुळांत पाच इंच अंतर असलेल्या मार्गावर चालणारं, कोळशावर, खऱ्या वाफेवर, मागं माणूस बसवून ओढणारं.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते पुरुषभर लांब झालं होतं आणि रंग बाकी होता. मला यंत्रातलं काही कळत नाही. पण त्या निमुळत्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला. "बोटं उमटत्यात," तात्या म्हणाले. लगेच फडक्यानं पुसलं.

मागच्या कोळशाच्या डब्यात त्यांनी एक बोळ केला होता, करंगळी जाईल न जाईल एवढा. खऱ्या इंजिनाला तो असतो म्हणे. गाडी मधे न थांबता इतकी लांब जायची की एका ड्रायव्हरला झेपायचं नाही. मग मागं प्रवाशांच्या डब्यात बसलेला बदलीचा ड्रायव्हर या बोळातून पुढं यायचा आणि पहिला मागं जाऊन विश्रांती घ्यायचा. गाडी पळतच असायची.

"पण ह्यातून कोण जाणार?" मी विचारलं.

"कुनी न्हाय. पर असाय पायजे की."

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. हौसाक्का. माहेर नेसरीचं, बोलणं रोखठोक, हात कामाला वाघ. इंजिनाबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी मला कळलं. "उपडं ठेवलेलं सूप हाय ते. त्याच्या नादानं ह्यांनी दोन लग्नं बुडिवली, कुनाच्या अक्षताला गेलं न्हाईत." पण तात्या जेवायला आले नाहीत तर ताट घेऊन वर्कशॉपात जाणाऱ्याही त्याच.

मग अक्कांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं. मुलगी लग्न होऊन लांब, तिचाच संसार तिला आवरेना. तात्यांनी वर्कशॉप भाड्यानं दिलं, लेथ आणि इंजिन घरी आणलं आणि पुढच्या खोलीत मांडलं. त्याच खोलीत अक्कांचा पलंग. हे तेल घालतायत, त्या बघतायत. हे कातायला बसलेत, त्या सांगतायत, "अवो, आवाज बदालला. हत्यार बोथट झालं."

बायकोचं सगळं तात्या करायचे. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, भरवणं, वेणीसुद्धा. वेणी इतकी घट्ट आणि सरळ की अक्का म्हणायच्या, "डोळं वर वढल्यात, जरा ढिली करा." मी रोज दुपारी तासभर जाऊन बसायची, म्हणजे तात्यांनी औषध, किराणा आणावा. माणूस अर्ध्या तासात परत. गल्लीच्या टोकापलीकडे जाणं त्यांनी सोडूनच दिलं. आणि येईल त्याला सांगायचं, "काय करनार? हिच्यापायी अडाकलोय." रागानं नाही म्हणायचे. पण खोलीतच म्हणायचे, अक्कांच्या देखत.

इंजिन मात्र पुरं झालं. निळा रंग लागला. रूळ नव्हता म्हणून तात्यांनी लोखंडी घोडी केली. तिच्यावर प्रत्येक चाकाखाली दोन दोन बेअरिंगं, चाकं जागच्या जागी फिरावीत म्हणून. कॉम्प्रेसरची हवा सोडली की ते इंजिन पलंगाशेजारी असं काही पळायचं की वर टांगलेला दिवा हलायचा. जोडदांडे वरखाली, शिट्टी अशी भरदार की गल्लीतली कुत्री उठून बसत. आणि जागचं इंचभर हलायचं नाही. मला ते बघवत नसे. अक्का मात्र टक लावून बघत राहायच्या.

"बाई, ह्याला तीन शिलेंडर हायती," त्या मला समजावायच्या. "दोन भाईर दिसत्यात. तिसरा मधी. त्यो दिसत न्हाय आनि त्याला सवताची चाल बी न्हाय. भाईरच्या दोघांच्या चालीवर त्यो चालतोय. पर वढतोय त्यो बी तेवढंच."

एकदा त्यांनी विचारलं, तिकडची खरी इंजिनं आता कुठं आहेत? तात्यांनी सांगितलं, मोजकी उरलीत, त्यातली दोन पार समुद्रापलीकडं, एक अमेरिकेत आणि एक कॅनडात, संग्रहालयात उभी. मधे एकदा सगळ्यांना एकत्र उभं करायचं म्हणून त्या दोघांना जहाजानं इंग्लंडात आणलं, आणि मग परत नेऊन ठेवलं.

"माहेरपनाला आनली म्हना की," अक्का म्हणाल्या. "बिचारी." मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

त्याच सुमारास गादीचा तमाशा झाला. पलंगावरची जुनी गादी बसून गेली होती. तात्यांनी खिशातली पट्टी काढून पलंग मोजला आणि गादीवाल्या नदाफभाईंना माप सांगितलं. गादी आली ती पायाकडं बोटभर आखूड. तात्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. "चाळीस वरसं माप घेतोय मी! मला गंडिवतोस?" नदाफभाई शांत माणूस. त्यांनी आपली कापडी टेप काढली आणि गादीवर लावली. माप सांगितल्याबरहुकूम होतं. मग त्यांनी तीच टेप तात्यांच्या पट्टीशेजारी धरली.

तात्या त्या दोन मापांकडे बघत राहिले.  नदाफभाईंना चहा पाजला, पैसे दिले आणि आत निघून गेले. मला वाटलं, चला, म्हातारपणी का होईना, शहाणपण आलं. त्या दिवशी काय घडलं ते मला पुढं फार उशिरा कळलं.

बेळगावजवळ काही हौशी मंडळींनी एका शेतात पाच इंची रूळ टाकलाय. पूल, वळणं, सगळं आहे. कुणीतरी तात्यांच्या इंजिनाचा व्हिडिओ फिरवला आणि तिकडून बोलावणं आलं. या, आमच्या रुळावर पळवा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं अंतर. अख्ख्या गल्लीला आनंद झाला. इतक्या वर्षांचं काम एकदा तरी उघड्यावर पळणार होतं. अक्कांच्या भाचीनं नेसरीहून यायचं कबूल केलं, मी होतेच. टेम्पो ठरला. आदल्या संध्याकाळी तात्या म्हणाले, हिचं बीपी वाढलंय. मी स्वतः मोजलं, नेहमीचंच होतं. टेम्पो परत गेला. पुढच्या खेपेला हिला ताप. त्याच्या पुढच्या खेपेला हिला करमायचं नाही.

त्या दुपारी मी अक्कांजवळ बसले होते. तात्या औषधाला गेले होते.

"बाई, येक सांगू? कुनाला बोलू नगा," त्या म्हणाल्या. "मी मेलो म्हंजे ह्यांची सुटका हुईल. मी गोळ्या जिभंखाली धरतो आनि मागनं थुकतो."

 मी शाळेत असंख्य पोरांना दटावलंय, पण या बाईला कसं दटावायचं? मी उशीखाली हात घातला तर खरंच दोन अर्धवट विरघळलेल्या गोळ्या हाताला लागल्या. त्या दिवसापासून गोळ्या मी माझ्यासमोर द्यायला लागले आणि तोंड उघडून बघायला लागले. तात्यांना सांगितलं नाही. त्यांच्यावर इतका राग आला होता की बोलले असते तर भलतंच बोलले असते.

शेवटी बेळगावचा माणूसच आला. शिरीष नावाचा, तिशीतला, फार सभ्य. अंबाबाईच्या दर्शनाला आला होता आणि येताना भेट म्हणून रुळाचा एक तुकडा घेऊन आला, पलंगाएवढा. "तात्या, तुम्हाला येता येत नाही तर रूळच आणला. एकदा चाकं टेकवूया."

तात्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. म्हणाले, आधी चहा. चहा झाला. म्हणाले, आता जेवूनच जावा, तांबडा-पांढरा रस्सा सांगतो. मग इंजिन उचलायचा चेनब्लॉक अडकतोय म्हणाले. मग कंबर धरली म्हणाले.

"ठेवा की रुळावर," पलंगावरून अक्का म्हणाल्या. "मला बघायचंय."

नाइलाज झाला. चेनब्लॉकनं इंजिन उचललं, शिरीषनं खाली रूळ सरकवला, आणि तात्या साखळी हळूहळू सोडू लागले. चाकं रुळावर आली आणि तिथंच अडली. चाकाची कड आत उतरायला हवी, ती रुळाच्या माथ्यावरच चढून बसली. शिरीषनं वाकून बघितलं, खिशातून माप काढून लावलं, आणि काही न बोलता ते परत खिशात ठेवलं. भला माणूस.

"मला ठावं हाय," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मग खाली बसून त्यांनी सांगितलं. पॅटर्न करताना उचललेली पट्टी दुहेरी आकसाची होती. साच्याला ती बरोबर. पण पुढं लोखंड कातायला घेतलं तेव्हा ती खाली ठेवून साधी घ्यायला पाहिजे होती. काम तेच, म्हणून पट्टीही तीच राहिली. एका कामाला एकच पट्टी. तिच्यावरची अक्षरं कधीच झिजली होती, नुसत्या रेषा उरल्या होत्या. आस, फ्रेम, सिलेंडर, सगळं त्याच वाढीव इंचानं झालं. एकमेकांत सगळं बिनचूक बसलं, म्हणून संशय आला नाही. गादीच्या दिवशी कळलं.

"चाकं आत घ्याची तर फ्रेम आत घ्याला लागती. फ्रेम आत, म्हंजे शिलेंडर आत. समदंच उसवायचं. ह्या वयात?" ते म्हणाले. "घोडीवर पळतंय. भाईरच्या कुठल्याच रुळावर बसनार न्हाय."

 मग अक्का बोलल्या, अगदी सावकाश.

"म्हंजे माझ्यामुळं न्हाय."

"न्हाय."

"तरी माझं नाव सांगत व्हता. गादीपासनं."

तात्यांनी मान खाली घातली. अक्कांनी तोंड फिरवलं. शिरीष रुळाचा तुकडा तिथंच सोडून निघून गेला.

अक्का नवऱ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. न्हाऊ घालून घेत, जेवून घेत, आणि गप्प. पण एक गोष्ट मी पाहिली. गोळ्या पाण्यानं सरळ गिळायला लागल्या. मी तोंड उघडा म्हटलं तर म्हणाल्या, "बघायला नगं आता, बाई. माझ्यापायी कुनी अडाकल्यालं न्हाय."

आणि एका सकाळी मी गेले तेव्हा त्यांचा आवाज दारापर्यंत येत होता. "एवढं डोस्कं धरून बसायला काय झालं? इंजन ज्या पट्टीनं केलं त्याच पट्टीनं रूळ मारा की."

तात्या तोंड उघडं ठेवून बघत होते. चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. ते म्हणाले, "आनि जायाचं कुठं?"

"फाटकापत्तोर. मी किती दिस झालं फाटक बघिटलं न्हाय."

रूळ झाला. पलंगापासून दारातून बाहेर, अंगणातून, लोखंडी फाटकापर्यंत. त्याच झिजलेल्या पट्टीनं मोजलेला. मागं जोडायला बुटकी गाडी केली, तिच्यावर हात असलेली खुर्ची, कमरेला पट्टा, आणि लवंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना लहान चाकं. पुढच्या फळीवर तात्या, मागं खुर्चीत अक्का. खऱ्या कोळशाची वाफ धरली त्या दिवशी गल्ली गोळा झाली. इंजिनानं दोनदा फुसफुस केली, आणि ते निघालं. अंगण ते केवढं! पण अक्कांचा पदर वाऱ्यानं मागं उडाला, हे मी डोळ्यांनी बघितलं. मी रडले. लपवलं नाही.

फाटकाशी रूळ संपायचा. इंजिनाचं उतरतं तोंड फाटकाच्या गजांना टेकलेलं. त्याच्यापुढं जाणं नाही. तिथं गाडी थांबवून अक्का गल्ली बघत बसायच्या. दूधवाला, शाळेची रिक्षा, माझं दार. पोटभर बघून झालं की म्हणायच्या, "आता मागं." मग तात्या दांडा ओढायचे आणि गाडी उलटी घरात. रोज सकाळी हा प्रवास. बेळगावच्या मंडळींनी पुन्हा बोलावलं तेव्हा तात्यांनी खरं कारण सांगितलं, अक्कांचं नाव न घेता.

मागच्या थंडीत अक्का गेल्या. झोपेतच, तात्यांनी सकाळी वेणी घालायला उठवलं तेव्हा कळलं. मुलगी आली, दिवस झाले, ती म्हणाली, आता माझ्याकडं चला, इथं काय अडकलंय तुमचं? तात्यांनी नुसता इंजिनावरून हात फिरवला. जाऊ शकत होते आता, बेळगावला, मुलीकडं, कुठंही. इंजिन मात्र तेवढ्याच रुळावर बसणारं. ते राहिले.

नंतर एका सकाळी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. शिट्टी झाली. निळं इंजिन अंगणातून आलं, फळीवर तात्या, मागं रिकामी खुर्ची, पट्टा नीट लावलेला. फाटकाला टेकून गाडी थांबली. दूधवाला गेला. रिक्षा गेली. तात्या समोर बघत बसलेले, हात दांड्यावर. वाफ निघून चालली होती, त्यांच्या ते लक्षात नव्हतं, किंवा असेलही. ते कशाची वाट बघतायत हे मला एकदम समजलं. ते दोन शब्द म्हणणारं माणूस आता खुर्चीत नव्हतं.

मी सूप खाली ठेवलं आणि उठून उभी राहिले.

"तात्या," मी हाक मारली, "आता मागं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मान हलवली, दांडा ओढला, आणि गाडी सावकाश घरात गेली.